इंजिन सुरू होतं, पण टिकत नाही: वीडर, गवत कापायचं यंत्र आणि फवारणी पंपाचा दोष क्रमाने शोधा

दोरी ओढली की इंजिन पेटतं, दोन मिनिटं चालतं आणि बंद पडतं. पुन्हा दोरी, पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलतात, नाहीतर मिक्श्चरचा स्क्रू फिरवायला लागतात. इथेच चूक होते. मूळ दोष टाकीच्या झाकणात किंवा स्विचच्या वायरीत असतो आणि खोलाखोलीत एक चांगला कार्बोरेटर बिघडतो. मग दुखणी दोन होतात आणि कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हेच कळेनासं होतं.

खाली दिलेला क्रम सोप्या आणि फुकटच्या तपासणीकडून अवघड कामाकडे जातो. तो मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदललं तर इंजिन चालेलही, पण दोष कशात होता ते समजणार नाही आणि पुढच्या हंगामात परत तिथेच याल.

हा लेख पेट्रोलच्या छोट्या इंजिनांसाठी आहे: पॉवर वीडरवरचं होंडा जीएक्स१६० आणि त्याच धाटणीची इंजिनं, खांद्यावरचं गवत कापायचं यंत्र, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप. डिझेल वीडरला यातलं फारसं लागू नाही.

## कामाआधीची तयारी

यंत्र सपाट जागी, सावलीत आणि उघड्यावर ठेवा. गोठ्यात किंवा पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालवून बघू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चूल, बिडी, वेल्डिंग यांपासून लांब बसा. वीडरच्या पात्यांना किंवा कटरच्या ब्लेडला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला करा. ओढलेली दोरी सुटली तरी पातं फिरू शकतं.

हाताशी ठेवायचं सामान: ८ आणि १० चे पाने, प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), कार्बोरेटर क्लीनरचा एक कॅन, काचेची स्वच्छ बरणी, पेट्रोल धरायला छोटं पातेलं, त्याच नंबरचा नवा प्लग आणि ओळखीच्या पंपावरून त्याच दिवशी आणलेलं अर्धा लिटर पेट्रोल.

पुसायला जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं घ्या. सोलापुरात टॉवेलचे तुकडे घरोघरी पडलेले असतात आणि हात आपोआप त्यांच्याकडेच जातो, पण टॉवेलचे फासे सुटतात. तसा एक बारीक धागा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात, बसला तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

## टप्पा १: इंजिन कसं बंद पडतं ते आधी बघा

पाना हातात घेण्याआधी इंजिन तीन वेळा चालवून बंद पडू द्या. निम्मं निदान इथेच होतं.

बटण दाबल्यासारखं एकदम गप्प झालं तर संशय ठिणगीवर: स्विच, वायर, ऑइल सेन्सर, ठिणगीची वीज देणारी कॉइल. आचके देत, भुकभुक करत, हळूहळू दम सोडला तर संशय पेट्रोलवर. काळा धूर सोडत गुदमरलं तर हवा कमी पडते किंवा पेट्रोल जास्त जातं.

वेळही घड्याळावर मोजा. चोक उघडताच बंद पडणं, तीन ते पाच मिनिटांनी बंद पडणं आणि पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर बंद पडणं, ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बहुधा स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारा) चोंदलेला असतो किंवा कार्बोरेटरच्या गॅसकेटमधून हवा शिरते. दुसऱ्यात टाकीच्या झाकणाचं छिद्र किंवा पेट्रोलचा कॉक. तिसऱ्यात कॉइल, टॅपेट (झडपेची फट) किंवा उन्हाने पेट्रोलची वाफ होणं.

चोकची परीक्षा. इंजिन आचके द्यायला लागलं की त्याच क्षणी चोक, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धा बंद करा. सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी लवकर बंद पडलं तर पेट्रोल पुरतंय, दोष हवेत किंवा ठिणगीत आहे. ही परीक्षा चुकवू नका. कार्बोरेटर खोलायचा की नाही हे तीच सांगते.

## टप्पा २: पेट्रोल, झाकण आणि प्रवाह

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या डाळिंब बागांत वीडर एका बहराला जोरात चालतो आणि मग महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभा राहतो. टाकीत पेट्रोल तसंच राहतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कार्बोरेटर टाकीच्या तळातूनच पेट्रोल घेतो, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला आधी तेच येतं. जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अशा इंजिनांचे रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात.

१. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर, पाण्याचे मणी किंवा गढूळपणा दिसला, किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला तर सगळं पेट्रोल काढून टाका. त्यात ताजं मिसळून चालवायचा मोह आवरा. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं अशा इंजिनात, हे जास्तच महागात पडतं. तळाच्या थरात ऑइल जवळजवळ नसतं आणि तो थर ओढला गेला तर पिस्टन जाम होतो.

२. ताजं पेट्रोल भरा. टू-स्ट्रोकला ऑइलचं प्रमाण मोजूनच घ्या: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. कुठलं हवं ते टाकीवरच्या स्टिकरवर असतं. बाटलीच्या बुचाने अंदाजपंचे घालू नका.

३. वीडरच्या इंजिनात कॉक बंद करून कार्बोरेटरकडचा पाइप काढा, त्याखाली पातेलं धरा आणि कॉक उघडा. धार एकसंध, न तुटता मिनिटभर चालली पाहिजे. जीएक्स१६० पूर्ण ताकदीवर तासाला साधारण १.४ लिटर, म्हणजे मिनिटाला २५ मिलीच्या आत पेट्रोल पितं. धार त्याच्या कितीतरी पट असायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी, टाकीची जाळी आणि पाइपची आतली बाजू बघा.

४. हीच चाचणी झाकण घट्ट लावून पुन्हा करा. धार हळूहळू मंदावली आणि झाकण सैल करताच जोर धरला, तर दोष सापडला. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणात बारीक छिद्र असतं. काळ्या मातीची धूळ आणि पेट्रोलचा ओलावा मिळून ते चिकणमातीसारखं बुजतं. झाकण क्लीनरने धुवा, फुंकून बघा, हवा पार गेली पाहिजे. बाहेरून खिळा मारून छिद्र मोठं करू नका, त्यातून धूळ आणि पाणी आत जाईल.

> थांबा. इथवर येऊन इंजिन वीस मिनिटं चाललं तर पुढे काहीही खोलू नका.

## टप्पा ३: एअर फिल्टर आणि सायलेन्सर

फिल्टर काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा, धुळीपासून लांब. लगेच मोकळं चाललं तर दोष फिल्टरचा. मात्र फिल्टरशिवाय काम कधीच करू नका, एका दिवसाच्या धुळीने सिलिंडरला ओरखडे पडतात.

स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे काही थेंब चोळा आणि पिळून जास्तीचं काढा. ऑइल टपकत असेल तर स्पंजच इंजिनाचा गळा दाबतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हलका आपटायचा, नाहीतर बदलायचा. वाटीत ऑइल असलेल्या फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच भरा. ऑइल जास्त झालं किंवा वीडर फिल्टरच्या अंगावर आडवा झाला, तर ते सरळ कार्बोरेटरमध्ये उतरतं. पाती साफ करायला यंत्र आडवं करणाऱ्यांच्या हातून हे नेहमी होतं.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघा. ती काजळीने भरली तर यंत्र हळू चालतं, पण रेस घेत नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करा.

## टप्पा ४: प्लग

प्लग काढा आणि टोक निरखा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरंफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी. पेट्रोलने ओलं टोक म्हणजे ठिणगी पडत नाही किंवा दोरी ओढून-ओढून इंजिनात पेट्रोल साचलंय.

फट फीलर गेजने मोजा. जीएक्स१६०ला बीपीआर६ईएस प्लग आणि फट ०.७ ते ०.८ मिमी. गवत कापायच्या काही यंत्रांवरच्या छोट्या फोर-स्ट्रोक होंडा जीएक्स३५ला ०.६ ते ०.७ मिमी. इतर यंत्रांना त्यांच्या पुस्तिकेप्रमाणे. स्कूटरचा प्लग पेचात बसला म्हणून तो चालेल असं नाही, लांबी आणि उष्णतेचा नंबर वेगळा असू शकतो.

ठिणगी बघताना प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकावर फडकं ठेवा आणि सांडलेलं पेट्रोल आधी पूर्ण वाळू द्या. ठिणगी निळसर आणि सलग हवी.

तापल्यावर बंद पडणाऱ्या इंजिनाची ठिणगी थंडपणी बघून उपयोग नाही. कॉइल थंड असताना उत्तम चालते आणि तापली की आतली तार सुटते. म्हणून प्लग पाना आधीच तयार ठेवा आणि इंजिन बंद पडल्यापासून अर्ध्या-एक मिनिटात ठिणगी बघा. प्लग आणि सायलेन्सर दोन्ही पोळतात, तेव्हा हातमोजा घाला. गरम असताना ठिणगी नाही आणि अर्ध्या तासाने परत आली, तर कॉइल बदलावी लागेल. पण त्याआधी पुढचा टप्पा करा, कारण वायरीचा दोष हुबेहूब असाच दिसतो.

प्लग परत बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा. मग पान्याने नवा प्लग अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्यापर्यंत. त्याहून जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे पेच जातात.

## टप्पा ५: स्विच आणि ऑइल सेन्सर

वीडरच्या मुठीवरच्या स्विचची वायर हादऱ्याने घासते. आतली तार दांड्याला टेकली की इंजिन बंद. खड्ड्यात आदळल्यावर किंवा वळताना बंद पडत असेल तर ही वायर पूर्ण लांबीत बोटाने चाचपून बघा. निदानासाठी कॉइलकडून स्विचकडे जाणारी वायर जोडापाशी सोडवा आणि इंजिन चालवा. आता ते स्विचने बंद होणार नाही. पेट्रोल कॉक बंद करून किंवा चोक पूर्ण ओढून बंद करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

जीएक्स१६०सारख्या इंजिनात ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. इंजिन सपाट जागी ठेवा, ऑइल भरायच्या तोंडाच्या काठापर्यंत १०डब्ल्यू-३० ऑइल आहे का बघा. पूर्ण भरायला साधारण ०.६ लिटर लागतं. उतारावर ऑइल एका बाजूला सरकतं, मग सपाट जागी चालणारं इंजिन बांधावर चढताना बंद पडतं. ऑइल पूर्ण असूनही इंजिन बंद पडत असेल तर क्रँककेसमधून निघणारी सेन्सरची वायर, बहुतेक वेळा पिवळी, तपासणीपुरती सोडवा. इंजिन टिकलं तर सेन्सर बदला. वायर कायमची तोडून ठेवणं म्हणजे एक दिवस अख्खं इंजिन गमावणं.

## टप्पा ६: कार्बोरेटर

आता खोला, आणि तेही चोकच्या परीक्षेत पेट्रोल कमी पडतंय असं दिसलं असेल तरच.

आधी स्प्रिंगा, दांड्या आणि गॅसकेट यांचे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची बारीक स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली तर इंजिन हिंदकळत राहतं, किंवा बेफाम रेस घेतं.

१. कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीच्या बाजूचा निचरा बोल्ट सैल करून पेट्रोल बरणीत घ्या. पाण्याचे मणी किंवा पांढरट पूड दिसली तर कारण समोरच आहे.

२. एअर फिल्टरचं घर काढा, कार्बोरेटर सरळ ओढून घ्या. कुठली गॅसकेट कुठल्या बाजूला आणि कशी होती ते लिहून ठेवा.

३. खालचा १० चा बोल्ट काढून वाटी उतरवा. फ्लोटची पिन सरकवा, फ्लोट आणि सुई अलगद काढा. सुईच्या टोकावर कडं उमटलं असेल तर ती बदला, पेट्रोल वाहून जाण्याचं कारण तेच. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर नवा घ्या.

४. मधल्या उभ्या नळीच्या तळाशी मेन जेट असतो. भोकात नेमका बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा, पितळ मऊ असतं. जेटमागची बारीक छिद्रांची नळीही बाहेर काढा.

५. स्लो जेट विसरू नका. जीएक्स१६०च्या धाटणीत तो काळ्या प्लास्टिकच्या डोक्याचा असतो आणि आयडल स्क्रू काढल्यावर वर ओढून निघतो. चोक उघडताच बंद पडणाऱ्या इंजिनात बहुतेक वेळा गुन्हेगार हाच असतो. लोक मेन जेट चकचकीत करतात आणि याला हातही लावत नाहीत.

६. जेट उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मऊ वायरीतली तांब्याची एकच तार आत घालून काढा. सुई, टाचणी, स्टीलची तार नको. भोक केसभर मोठं झालं तरी प्रमाण कायमचं बिघडतं.

७. प्रत्येक वाटेत क्लीनर मारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, फवारा उलटा येतो. रबरी भाग आधी काढून ठेवा.

मिक्श्चरचा स्क्रू काढायचाच असेल तर आधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून फेरे मोजा, कागदावर लिहा, मगच काढा. तेवढेच फेरे परत द्यायचे. ठोकून आवळला तर टोक वाकतं.

जोडताना सगळ्यात जास्त चूक गॅसकेटची होते. उलटी बसलेली गॅसकेट कार्बोरेटरच्या हवेचं छिद्र झाकते आणि स्वच्छ केलेलं इंजिन आधीपेक्षा वाईट चालतं. फोटो बघूनच लावा.

> तपासणी. जोडल्यावर कॉक उघडा आणि पाच मिनिटं थांबा. वाटीतून थेंब पडत असेल तर दोरीला हात लावू नका. सुईत कचरा आहे किंवा वाटीची रिंग सरकली आहे.

### गवत कापायच्या यंत्राचा कार्बोरेटर

यात फ्लोट नसतो, पातळ पडदा म्हणजे डायाफ्राम असतो. आधी रबरी फुगा आठ-दहा वेळा दाबा. तो पेट्रोलने भरला पाहिजे. बुडबुडे थांबतच नसतील तर टाकीतला पाइप चिरला आहे किंवा फुग्याला भेग आहे. मग वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर वर ओढा. तो कडक, काळा झाला असेल तर बदला. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

डायाफ्राम बोटात धरून बघा. मऊ असावा. कागदासारखा कुरकुरला तर त्याचं किट घाला. त्यावर क्लीनर मारू नका, हवेची नळीही लावू नका. यातले एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) स्क्रू हलवण्याआधीही फेरे मोजून लिहा.

## टप्पा ७: बाहेरून शिरणारी हवा आणि टॅपेट

कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला काळा इन्सुलेटर तडकतो किंवा त्याचे नट ढिले होतात. इंजिन चालू असताना त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. चाल बदलली तर हवा तिथूनच शिरते. क्लीनरने ही चाचणी करू नका, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो.

थंड इंजिन चांगलं चालतं, तापलं की बंद पडतं आणि दोरी सैल लागते, पण ठिणगी आहे: अशा वेळी टॅपेट बघा. झडपेची फट उरली नाही की तापल्यावर ती पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणि दोन्ही रॉकर सैल. जीएक्स१६०ला इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. जीएक्स३५ला इनटेक ०.०८, एक्झॉस्ट ०.११ मिमी. फीलर गेजची पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना माप हमखास सरकतं.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना दुपारी दोन वाजता इंजिन बंद पडत असेल आणि सकाळी तक्रार नसेल, तर काही खोलण्याआधी पेट्रोलचा पाइप सायलेन्सरला चिकटत नाही ना बघा. सिलिंडरच्या बाहेरच्या पंखांत (फिन) अडकलेलं गवत आणि दोरीच्या जाळीवरचा कचरा काढा. थंड वाऱ्याची वाट तीच आहे.

## टप्पा ८: चाचणी

पाच मिनिटं जागेवर चाललं म्हणून दुरुस्त झालं असं समजू नका. वीस-पंचवीस मिनिटं खऱ्या कामावर, वाफशावरच्या जमिनीत चालवा. मग बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम असतानाच पुन्हा पेटवा. गरम इंजिनाला चोक देऊ नका. एक-दोनदा दोरी ओढताच पेटलं, आयडलवर टिकलं आणि एकदम रेस दिल्यावर आचका न देता उचललं, की काम झालं.

यंत्र तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीचा निचरा बोल्ट उघडून उरलेलं पेट्रोल काढा. टाकीला आणि प्लगच्या टोपीला चिठ्ठी बांधा: पेट्रोल कधी काढलं, कुठला प्लग, स्क्रूचे किती फेरे.